जुनी हत्यारं, घरची कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत राहते. आठवडी बाजारात आणि भंगाराच्या ढिगात सापडलेली हत्यारं दुरुस्त करून वापरणं आणि घरातली होतील तेवढी कामं आपल्या हातानं करणं, हे गेली काही वर्षं चालू आहे. ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

नवी हत्यारं स्वस्त मिळतात, मग जुनी कशाला?

स्वस्त मिळतात ती दिसायला नवी असतात. त्यांचं पोलाद बऱ्याचदा इतकं मऊ असतं की बाभळीच्या लाकडावर चार वेळा पटाशी चालवली की धार बोथट होते. तीस-चाळीस वर्षं एखाद्या सुताराच्या हातात टिकलेल्या पटाशीची परीक्षा होऊनच गेलेली असते. वाईट पोलादाची हत्यारं एवढी वर्षं कुणी जपत नाही.

दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. जालन्यात भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. भंगारवाल्याच्या ढिगात पडलेला चांगला रंधा आपण उचलला नाही, तर त्याचा पुढचा मुक्काम अशीच एखादी भट्टी. ज्या हत्यारावर कुणाचं तरी पोट चाललं, ते किलोच्या भावानं गेलेलं मला बघवत नाही.

आपल्याकडे मिळतात कुठे?

आठवडी बाजारात लोहाराच्या पालाशेजारी, भंगारवाल्याकडे आणि सगळ्यात चांगली म्हणजे ज्यांच्या घरात कुणी सुतार, फिटर किंवा मेकॅनिक होतं त्यांच्याकडे. छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसांच्या पेटीत कानशी, पाने, मायक्रोमीटर अशा वस्तू जपून ठेवलेल्या असतात. विकायच्या का, असं थेट विचारू नये. आधी हत्यार हातात घेऊन दोन प्रश्न विचारावेत. गप्पा झाल्या की बरेच जण आपणहूनच म्हणतात, ‘वापरणार असाल तर घेऊन जा.’

बाजारात कुणी कंपनीचं नाव खरवडलेलं नवं मशीन फार कमी भावात देऊ लागला, तर घेऊ नका. चोरीचा माल असू शकतो.

घेताना काय बघायचं? सगळंच गंजलेलं दिसतं.

वरवरच्या तांबूस गंजाला घाबरू नका, तो निघतो. खड्डे मात्र बघा. आमच्या गल्लीतले सुतारमामा मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘ताई, तोंड काय बघताय, पाठ बघा आधी.’ पटाशीची आणि रंध्याच्या पात्याची सपाट बाजू म्हणजे पाठ. धारेजवळ पाठीला गंजाचे खड्डे पडलेले असतील तर धार कितीही लावा, तिथं दातरे राहतातच. तेवढा भाग घासून संपवावा लागतो. खड्डे धारेपासून लांब असतील तर काही बिघडत नाही.

लोखंडी रंध्यात पातं जिथून बाहेर येतं त्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांत केसाएवढी चीर आहे का ते उन्हात धरून बघा. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, चीर गेली की तो रंधा संपला. वेल्डिंग केलेला शेगडाही (काम घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी व्हाइस) मी घेत नाही. करवत हलकेच वाकवून सोडा. सरळ झाली तर पोलाद जिवंत आहे. मधेच मोड आलेली करवत सरळ करणं घरी जमत नाही. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, जबड्यांमधून एकसारखा उजेड दिसला पाहिजे. हातोडीचं तोंड मार खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल, तर ती घ्या, पण पसरलेला काठ घासून काढल्याशिवाय वापरू नका. त्याचा कपचा उडून डोळ्यात जातो.

लाकडी दांडा, मूठ, पाचर यांच्या अवस्थेवरून भाव ठरवू नका. लाकूड नवं घालता येतं.

गंज काढायचा सोपा उपाय कोणता?

लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं तेच. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा आणि प्लास्टिकच्या टबात हत्यार पूर्ण बुडेल असं ठेवा. त्याआधी तेल, ग्रीस, माती साबणानं धुऊन काढा, कारण तेलकट जागी आम्ल पोहोचत नाही. तांब्याचा हंडा चिंचेनं लखलखीत होतो, त्यामागचं कारणही हेच. आम्ल धातूवरचा थर विरघळवतं.

दर तासाला बाहेर काढून तारेच्या ब्रशानं घासा. हलका गंज दोन-तीन तासांत जातो, जुना असेल तर रात्रभर लागतो. त्याहून जास्त ठेवू नका. माझी एक चांगली करवत मी दोन दिवस विसरले होते. गंज गेला, पण दातांच्या कडा खाल्ल्या गेल्या आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत झाला. ती करवत आजही खिळ्याला टांगलेली आहे, पण कामाची उरली नाही.

बाहेर काढल्यावर साध्या पाण्यानं धुवा, मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. लगेच कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवा. एप्रिल-मे महिन्यात आपल्या उन्हात दहा मिनिटं पुरतात. गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. यात अर्धा तास दिरंगाई केली तरी नवा पिवळट गंज धरतो.

पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा यांचे भाग आधी सुटे करा, ते या पाण्यात घालायचे नाहीत. संडास साफ करायचं ॲसिड वापरून बघू का, असं खूप जण विचारतात. अजिबात नको. त्याची वाफ खोलीतल्या बाकीच्या सगळ्या लोखंडाला गंज चढवते, आणि छातीला वाईट ते वेगळंच.

बॅटरीच्या चार्जरनं गंज काढतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. खूप गंजलेल्या मोठ्या वस्तूंसाठी, शेगडा किंवा कुऱ्हाडीच्या पात्यासाठी, हीच पद्धत मला आवडते, कारण ती चांगल्या लोखंडाला हात लावत नाही. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. मीठ घालायचं नाही, त्यानं विषारी क्लोरीन वायू सुटतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा १२ व्होल्टचा साधा चार्जर घ्या. काळा चिमटा हत्याराला, लाल चिमटा एखाद्या टाकाऊ सळईला. दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नयेत. चिमटे उलटे लागले तर सळईऐवजी हत्यारच झिजेल, म्हणून बटण दाबण्याआधी एकदा पुन्हा बघा.

लाल बाजूला स्टीलचं ताट, चमचा असं काहीही लावू नका. स्टेनलेस स्टीलमधला क्रोमियम पाण्यात उतरून ते पाणी विषारी होतं. हे सगळं अंगणात, मोकळ्या हवेत करायचं, कारण बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीनं पेटतो. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. पाच-सहा तासांनी गंजाचा काळा लगदा होतो आणि ब्रशानं निघून येतो.

तेल कोणतं लावायचं? घरातलं करडईचं चालेल?

धातूला नको. करडई आणि जवस ही दोन्ही आपल्या रानातली पिकं, आणि दोघांचंही तेल हवेत हळूहळू घट्ट होतं. जवसाचं लवकर, करडईचं सावकाश. पक्कडीच्या सांध्यात करडईचं तेल घातलं तर महिनाभरात चिकट होऊन सांधा आवळतो. धातूसाठी शिलाई मशीनचं तेल घ्या.

लाकडाला मात्र तोच गुण उपयोगी पडतो. दांड्याला, रंध्याच्या मुठीला जवसाचं तेल पातळ चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन हातांत लाकूड असं दिसतं की बघत राहावं.

आता हे नीट वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. तेल सुकताना उष्णता सुटते आणि चुरगळ्याच्या आत ती साठत जाते. काडी न लावताही फडकं पेट घेऊ शकतं. मी एकदा असं फडकं पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. दुपारी डब्याला हात लागला तर चटका बसला आणि आतून जळकट वास येत होता. तेव्हापासून फडकं एक तर दोरीवर पसरून वाळवते, नाही तर पाण्यात बुडवते.

धार लावायला सहाणच हवी का?

सहाण चांगलीच, पण सुरुवातीला काच आणि वॉटर पेपर पुरतात. काचवाल्याकडे जाड काचेचे तुकडे उरलेले असतात, त्यातला एक वीतभर मागून घ्या. त्यावर पाणी शिंपडून २२०, ४००, ८०० आणि १५०० नंबरचे पेपर एकामागून एक चिकटवायचे.

आधी पाठ. पात्याची पाठ धारेकडचा बोटभर भाग आरशासारखा होईपर्यंत सपाट घासा. पहिल्या वेळी तासभर जातो, बोटं काळी होतात, कंटाळा येतो. पण हे एकदाच करायचं असतं. मग उताराची बाजू. कोन मोजायला काही लागत नाही: पातं ३ मिलिमीटर जाड असेल तर उतार ६ मिलिमीटर लांब ठेवा, म्हणजे जाडीच्या दुप्पट. तो बरोबर ३० अंश होतो आणि बाभूळ, सागवान दोन्हीला चालतो. उतार घासत असताना पाठीवरून नख आडवं फिरवलं की बारीक काठ उलटलेला जाणवतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत लागला की त्या नंबरचं काम झालं. शेवटी पाठ एकदा पेपरवर ओढून काठ काढून टाका.

मशीनच्या चाकावर धार लावणार असाल तर पाण्याची वाटी जवळ ठेवा आणि दर दोन-तीन सेकंदांनी पातं बुडवा. धारेवर निळा रंग चढला म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. सुमारे ३०० अंशांना हा रंग येतो. तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय धार टिकणार नाही.

कुदळ, पहार, विळा यांचं वेगळं. ती लोहाराकडेच न्या. तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देणं हे डोळ्यांनी रंग ओळखायचं काम आहे आणि ते पाच मिनिटांत करणारी माणसं अजून आपल्या बाजारात बसतात.

कुऱ्हाडीचा, हातोडीचा दांडा सारखा ढिला होतो. काय करावं?

दांडा पावसाळ्यात बसवला असेल तर ढिला होणारच. दमट हवेत फुगलेलं लाकूड बसवलं आणि चैत्रात ते आकसलं, एवढीच गोष्ट आहे. उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना बसवा, मग ते पुढं फक्त घट्ट होईल.

रात्रभर कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. त्यानं सकाळी घट्ट वाटते खरी, पण लोखंडाच्या आत जागा नसल्यानं फुगलेल्या लाकडाचे तंतू चेचले जातात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो. घाव घालताना पातं निसटून बाजूच्या माणसाला लागू शकतं, म्हणून मी ही सवय सोडायला सगळ्यांना सांगते.

लाकूड बाभळीचं, सावलीत निदान सहा महिने वाळलेलं, आणि रेषा दांड्याच्या लांबीत सरळ धावणाऱ्या. गाठ असलेला तुकडा नको. बसवल्यावर वरून पाचर ठोका आणि उघड्या टोकाला जवसाचं तेल भरपूर पाजा.

जुन्या पान्यावर १/२ आणि पुढे इंग्रजी ‘डब्ल्यू’ लिहिलंय, पण बोल्टच्या अर्धा इंच रुंद डोक्याला तो मोठा पडतो.

तो व्हिटवर्थ मापाचा पाना आहे. त्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या दांडीचा असतो. १/२ डब्ल्यूचा जबडा सुमारे २३ मिलिमीटर भरतो. जुनी ऑइल इंजिनं आणि पंप यांवर असे बोल्ट सापडतात, तेव्हा फेकू नका. विहिरीवर जुनं इंजिन असलेल्या कुणाला तरी तो सोन्यासारखा वाटेल.

जुनं ड्रिल मशीन किंवा ग्राइंडर घ्यावं का?

ड्रिल घ्या. चालू करून बघा: आतून थोड्या निळ्या ठिणग्या दिसणं ठीक, पण आगीचं कडं फिरताना दिसलं तर निदान कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे) संपलेत, आणि ते बदलणं स्वस्त आहे. जळका वास आला तर कॉइल गेली, सोडून द्या. वायर कुठेही चिकटपट्टीनं जोडलेली असेल तर घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे पूर्ण वायर नवी टाकून घेणं. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दोन पिनांची वायर चालते. खूण नसेल आणि बॉडी लोखंडी असेल तर तीन पिना आणि चालू अर्थिंग हवंच.

ग्राइंडरबाबत मी कडक आहे. गार्ड नसलेला ग्राइंडर फुकट मिळाला तरी घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतो. जुन्या मशीनसोबत मिळालेल्या चकत्या टाकून द्या. चकतीच्या मधल्या लोखंडी कडीवर मुदत छापलेली असते, ती संपल्यावर चकती फुटू शकते. आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही, कुणी कितीही सहज करून दाखवलं तरी.

घरातलं पहिलं काम कोणतं घ्यावं?

अडकणारं दार. पण रंधा उचलण्याआधी दार का अडकतं ते शोधा.

वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाल्यानं दार खाली लोंबतं, हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं. स्क्रू काढा, भोकात सागवानाच्या काड्या गोंद लावून ठोका, दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा बसवा. बस. तरीही अडकत असेल तर चौकटीच्या कडेला खडू फासा, दार दोनदा उघड-मीट करा, दाराला जिथं खडू लागेल तेवढीच जागा रंध्यानं काढा. भाद्रपदात अडकणारं आणि फाल्गुनात मोकळं होणारं दार लाकूड फुगल्यामुळं अडकतं. पावसाळ्यात ते भरपूर तासलं तर मे महिन्यात बोटभर फट दिसेल. हात राखून काढा.

तिसरं कारण आपल्या मातीचं आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं घर तिच्यासोबत हलतं. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर भिंतीत गेली असेल आणि दार वरच्या एकाच कोपऱ्यात घासत असेल, तर दोष दाराचा नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा आणि वर्षभर बघा. ऋतूप्रमाणे उघडते-मिटते की वाढतच जाते, हे कळल्याशिवाय सिमेंट भरण्यात अर्थ नाही. वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवा. तोवर पायाजवळ पाणी साचू देऊ नका, एवढं आपल्या हातात आहे.

भिंतीत भोक पाडताना काय काळजी घ्यायची?

बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत भोक पाडू नका, तिथून वायरी गेलेल्या असतात. मग पडणाऱ्या पिठाचा रंग बघा. लाल म्हणजे वीट, सहा-आठ मिलिमीटरचा बिट आणि प्लास्टिकची गिट्टी (भोकात स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) चालते. करडं म्हणजे काँक्रीट, तिथं ड्रिलचा हॅमर चालू करा. काळा दगड लागला तर घाई न करता थांबत थांबत, बिट गार होऊ देत. दगडाची धूळ फुप्फुसाला वाईट, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पांढरी माती भुरभुरली तर थांबा. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. अशा घरात जमिनीवर उभं राहणारं कपाट करा.

माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर आहे. तुळया, खांब आपण बदलू शकतो का?

नाही. इथं मी कुणालाच धीर देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडची जी घरं पडली, त्यांतली बरीचशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचं ओझं घेतलेली होती. गळतं म्हणून दरवर्षी माळवदावर नवी माती टाकत गेलं की ते ओझं वाढत जातं. वरचं गवत उपटणं, पन्हळी साफ ठेवणं, वाळवीवर लक्ष ठेवणं एवढं आपण करावं. खांबाच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर आत गेला, तर त्या खोलीत झोपणं थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

कूलर घरी दुरुस्त करता येतो?

येतो, आणि फाल्गुनातच काढावा. पत्र्याचा गंज खरवडा, रेड ऑक्साइड मारा, सुकल्यावर रंग. गवताच्या जाळ्या दरवर्षी नव्या. पंखा हळू फिरत असेल तर आधी कंडेन्सर बघा, जुन्यावर छापलेला आकडा वाचून तेवढ्याच मापाचा आणा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, म्हणून आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. पंपावर चढलेला पांढरा थर लिंबूसत्वाच्या त्याच पाण्यानं निघतो. नळाच्या जाळीलाही तेच लावा.

लोखंडी कूलरचा शॉक जीव घेतो. पाणी भरताना पिन बोर्डातून काढलेली, पायात चप्पल, तीन पिनांची वायर, आणि घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). तो बसवणं आणि अर्थिंग तपासणं हे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्या कामात मी स्वतः हात घालत नाही.

दुरुस्त केलेली हत्यारं पावसाळ्यात कशी ठेवावीत?

जमिनीवर, पोत्यात किंवा चामड्याच्या पिशवीत नको. भिंतीपासून सुटी अशी फळी करून टांगा. मृगाच्या आधी एकदा सगळी काढून तेलाचा हात द्या, नंतर महिन्यातून एकदा. घामट बोटांचे ठसे दुसऱ्याच दिवशी गंजतात, तेव्हा काम झालं की पात्यावरून तेलकट फडकं फिरवून मगच जागेवर ठेवा. माझ्या टेबलाच्या खिळ्याला असं एक फडकं कायम असतं, शिलाई मशीनच्या तेलाचं.